रॉक्सर–जीप वाद

रॉक्सर–जीप वाद हा मुंबईस्थित महिंद्रा अँड महिंद्रा ही कंपनी आणि ‘जीप’ या नाममुद्रेची मालक असलेली फियाट क्रायस्लर ही कंपनी यांच्यात २०१८ पासून अमेरिकेत चाललेला कायदेशीर वाद होय. महिंद्राच्या ‘रॉक्सर’ या वाहनाचे रूप जीपशी फसवे साम्य असणारे आहे काय, हा त्यातील मुख्य प्रश्न होता. बोलताना अनेकजण याला ‘पेटंटचा खटला’ म्हणतात. परंतु तो पेटंटचा नसून ट्रेड ड्रेसचा, म्हणजे वस्तू पाहताच तिचा निर्माता ओळखू यावा अशा बाह्यरूपाचा वाद होता.

पार्श्वभूमी

महिंद्राने १९४७ मध्ये विलीज कंपनीच्या जीपगाड्यांची मुंबईत जुळणी सुरू केली. पुढे परवान्यानुसार उत्पादन होऊ लागले आणि त्याच घडणीतून सीजे ३४०, एमएम ५४०, मेजर आणि २०१० साली थार या गाड्या आल्या. दरम्यान अमेरिकेत जीपची मालकी विलीजकडून कायझर, अमेरिकन मोटर्स व १९८७ मध्ये क्रायस्लर अशी हस्तांतरित होत गेली. महाराष्ट्रात मात्र ‘जीप’ हे जणू सामान्यनाम झाले. राजगडाच्या पायथ्याच्या गुंजवण्यासारख्या डोंगरी गावांत प्रवासी नेणारी कोणत्याही कंपनीची अशी गाडी ‘जीप’च म्हटली जाते.

दोन्ही पक्षांचे कारखाने महाराष्ट्रात आहेत. थार नाशिकला तयार होते, तर जीप कंपास ही गाडी २०१७ पासून पुणे जिल्ह्यातील रांजणगाव येथे तयार होते.

दावा आणि निकाल

मार्च २०१८ मध्ये महिंद्राने अमेरिकेतील मिशिगन राज्यात रॉक्सर बाजारात आणली. डिझेल इंजिनाची ही गाडी केवळ रस्त्याबाहेरील वापरासाठी होती व तिचा वेग ताशी सुमारे ७२ किलोमीटरपर्यंत मर्यादित ठेवला होता. ऑगस्ट २०१८ मध्ये फियाट क्रायस्लरने अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडे तक्रार केली. पेटीसारखा आकार, सपाट उभ्या बाजू, बॉनेटइतक्याच उंचीवर संपणारा मागील भाग आणि पुढील जाळी ही जीपची ओळख असून रॉक्सरने ती उचलली, असे तिचे म्हणणे होते. महिंद्राने २००९ मध्ये क्रायस्लरशी झालेल्या करारावर भर दिला.

नोव्हेंबर २०१९ मध्ये प्रशासकीय न्यायाधीशाने ट्रेड ड्रेसचा भंग झाल्याचे ठरविले. जाळीच्या नोंदणीकृत चिन्हांबाबतचा आरोप मात्र मान्य केला नाही. जून २०२० मध्ये आयोगाने भंग करणाऱ्या रॉक्सरच्या आयातीस व विक्रीस मनाई केली. महिंद्राने पुढील जाळीसह बाह्यरूप बदलले आणि डिसेंबर २०२० मध्ये आयोगाने नवे रूप मनाईच्या कक्षेबाहेर असल्याचे ठरविले.

वाद तेवढ्यावर थांबला नाही. २०२२ मध्ये अपील न्यायालयाने प्रकरण पुन्हा जिल्हा न्यायालयाकडे पाठविले. एकदा भंग सिद्ध झालेल्याने मूळ रूपापासून ‘सुरक्षित अंतर’ राखले पाहिजे, या तत्त्वावर नव्या गाडीचा विचार व्हावा, असे त्याने सांगितले. २०२३ मध्ये जिल्हा न्यायालयाने निकाल महिंद्राच्या बाजूने दिला. ऑस्ट्रेलियात मात्र २०२१ मध्ये महिंद्राने तेव्हाची थार तेथे न विकण्याची हमी न्यायालयास दिली.

समांतर प्रकरणे

टाटा मोटर्सच्या मालकीच्या जॅग्वार लँड रोव्हरला अशाच प्रश्नाच्या दोन्ही बाजू पाहाव्या लागल्या. चीनमधील ‘लँडविंड एक्स ७’ ही गाडी रेंज रोव्हर इव्होकची नक्कल असल्याचे बीजिंगमधील न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये मान्य केले. याउलट, २०१६ मध्ये उत्पादन थांबलेल्या जुन्या डिफेंडरच्या आकारास व्यापारचिन्ह म्हणून संरक्षण मिळविण्याचा कंपनीचा प्रयत्न ब्रिटनमध्ये फसला. २०२० मध्ये तेथील उच्च न्यायालयानेही तो नाकारला. त्यामुळे तिच्याशी साम्य असणाऱ्या इनिओस ग्रेनेडियरची वाट मोकळी झाली.

भारतातील कायदा

भारतात पेटंट २० वर्षे टिकते. डिझाइन अधिनियम, २००० नुसार नोंदविलेल्या रूपास १० वर्षे व मुदतवाढीने आणखी ५ वर्षे संरक्षण मिळते. मात्र रूप नवे व आधी प्रसिद्ध न झालेले असावे लागते. व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ नुसार वस्तूचा आकारही चिन्ह ठरू शकतो आणि दर १० वर्षांनी नूतनीकरण केल्यास त्याला अखेरची मुदत नाही. म्हणूनच यंत्ररचनेचे हक्क संपल्यानंतरही रूपाचा वाद दीर्घकाळ उभा राहू शकतो. एकेकाळी मिळालेला उत्पादनाचा परवाना म्हणजे रूपाची कायमची मालकी नव्हे, हा रॉक्सर प्रकरणाचा धडा आहे.

बंद झालेल्या गाड्यांची खरेदी

१ एप्रिल २०२० पासून बीएस ६ मानके लागू झाली आणि पहिल्या पिढीच्या थारची जागा त्याच वर्षी नव्या थारने घेतली. मेजर, एमएम ५४० व जुनी थार आता केवळ जुन्या बाजारात मिळतात. परदेशातील मनाई उत्पादक व आयातदारावर असते. भारतात रीतसर विकलेली गाडी पुन्हा विकत घेण्यास तिचा अडथळा नाही. तसेच सुट्या भागांचा अन्य निर्माता ‘अमुक गाडीसाठी’ असे प्रामाणिकपणे नमूद करू शकतो.

खरा धोका कागदपत्रांचा असतो. चेसिस व इंजिन क्रमांक नोंदणी प्रमाणपत्राशी ताडून पाहावेत आणि कर्जाचा बोजा उतरला आहे याची खात्री करावी. मालकी हस्तांतरणासाठी नमुना २९ व ३० भरावे लागतात. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी तपासणीनंतर ५ वर्षांसाठी नूतनीकृत होते व महाराष्ट्रात तेव्हा पर्यावरण कर द्यावा लागतो. जुन्या गाडीला जीपचे रूप देण्यासाठी केलेले फेरबदलही तपासावेत. उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे.