सहपत्रांची चाळणी आणि देवनागरी नावे

धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला, त्या सुमारासच ई-मेलसोबत येणाऱ्या सहपत्रांवर, म्हणजे अटॅचमेंटवर, पहारा बसवण्याची गरज जगभर भासू लागली. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे ‘निकनेट’ हे उपग्रहाधारित जाळे जिल्हा मुख्यालयांपर्यंत त्याआधीच पोहोचलेले होते. मार्च १९९९ मध्ये ‘मेलिसा’ आणि ४ मे २००० रोजी ‘आय लव्ह यू’ हे विषाणू सहपत्रांच्या वाटेने पसरले.

१९८२ साली ठरलेला टपालाचा मूळ संकेत, म्हणजे एसएमटीपी, केवळ साध्या रोमन मजकुरासाठी होता. १९९२ मध्ये आलेल्या ‘माइम’ या पद्धतीने चित्रे व फायली अक्षरांत रूपांतरित करून पाठवणे शक्य केले. मात्र त्यात दर ३ बाइटची ४ अक्षरे होत असल्याने फाइल सुमारे एक तृतीयांशाने फुगते, आणि १० एमबीची मर्यादा असलेल्या सर्व्हरवरून ९ एमबीची फाइल परत का आली, याचे उत्तर पुष्कळदा एवढेच असते.

‘आय लव्ह यू’च्या फाइलनावात आधी ‘टीएक्सटी’ आणि शेवटी ‘व्हीबीएस’ असे दोन प्रत्यय होते. विंडोज शेवटचा प्रत्यय लपवत असल्याने घातक फाइल निरुपद्रवी मजकुरासारखी दिसे. म्हणून सहपत्रे तपासणाऱ्या चाळणीने, म्हणजे फिल्टरने, प्रथम प्रत्यय तपासले, मग फाइलच्या आरंभीचे बाइट. २००४ मध्ये ‘बेगल’ या विषाणूने पासवर्डने बंद केलेल्या झिप फायली पाठवल्यावर, जे उघडून पाहता येत नाही ते अडवावे, असा कठोर नियम अनेक ठिकाणी आला. पुढे ऑफिस २००७ ची ‘डॉक्स’ फाइल रचनेने झिपच असल्यामुळे, केवळ आरंभीचे बाइट पाहणाऱ्या जुन्या चाळण्यांच्या नजरेत साधे पत्रही संशयास्पद ठरू शकत होते.

मराठी कामकाजाला या पहाऱ्याची झळ अधिक बसणे स्वाभाविक होते. युनिकोड रुळण्यापूर्वी श्रीलिपी किंवा सी-डॅकच्या आयएसएममध्ये टंकलेला मजकूर, तोच फॉन्ट नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हांत दिसे. तो थेट ई-मेलमध्ये लिहिणे व्यर्थ असल्याने दस्तऐवज, आणि प्रसंगी फॉन्टची फाइलही, जोडावी लागे. सहपत्र टाळा, हा सुरक्षेचा उपदेश मराठी लेखनासाठी म्हणूनच अपुरा होता. युनिकोडने मजकुराचा प्रश्न सोडवला, पण फाइलला देवनागरी नाव देण्याची सोय होताच नवी अडचण उभी राहिली. ‘अक्राणी’ या तालुक्याच्या नावात युनिकोडची ७ चिन्हे आहेत. ती २१ बाइट व्यापतात आणि १९९७ च्या संकेतानुसार टक्केचिन्हांनी लिहिल्यास ६३ अक्षरे होतात. त्यामुळे दोन-तीन शब्दांचे नाव तुकड्यांत विभागले जाते, आणि ते तुकडे जोडता न येणाऱ्या चाळणीला शेवटचा प्रत्ययच सापडत नाही. निर्दोष अहवाल अडतो. त्याच उणिवेचा लाभ घेऊन घातक फाइल निसटूही शकते, हे अधिक गंभीर होय.

असा दोष शोधताना सर्व्हरच्या नोंदवहीत, म्हणजे लॉगमध्ये, कोणत्या नियमाने फाइल अडवली हे आधी पाहावे लागते. नंतर तीच फाइल रोमन नावाने पुन्हा पाठवून पाहतात: ती पोहोचली तर दोष नावाच्या वाचनात असण्याची शक्यता अधिक, न पोहोचल्यास आकार, प्रकार वा आतला मजकूर तपासावा लागतो.

पत्र नाकारायचे असल्यास सर्व्हरने ते स्वीकारण्यापूर्वीच ५५४ सारखा नकारांक द्यावा, म्हणजे पाठवणाऱ्याला सूचना मिळते. एकदा स्वीकारल्यावर पोहोचवण्याची किंवा अपयश कळवण्याची जबाबदारी स्वीकारणाऱ्याची, असे मूळ संकेतातच आहे. व्यवहारात मात्र सहपत्र न कळवता काढून टाकणाऱ्या चाळण्या सर्रास वापरल्या गेल्या. सातपुड्यातील धडगावहून पाठवलेला अहवाल असा गाळला गेला, तर पाठवणारा तो पोहोचला असे समजतो आणि घेणारा तो आलाच नाही असे. म्हणून चाळणीच्या सर्व दोषांत हा दोष सर्वांत मोठा मानला पाहिजे.