समासातली टीप : पैठणच्या पोथीपासून पीडीएफपर्यंत

आजचा भाग माझ्याच एका चुकीवर आहे.

नेल्सनचं रायपूर जिल्ह्याचं गॅझेटिअर १९०९ सालचं. त्याची स्कॅन केलेली पीडीएफ मी बरीच वर्षं कॉम्प्युटरवर वाचतोय, आणि वाचता वाचता टिपा लिहितोय. बिंबाजी भोसल्यांचा उल्लेख येतो त्या पानावर मी एकदा मोकळ्या जागेत इंग्रजीत टाइप केलं, की शहरातली बहुतेक मराठी घराणी बिंबाजींबरोबर आली. हा माझा अंदाज होता. आमच्या घरात आजोबा तसं सांगायचे, एवढाच आधार.

एका विद्यार्थ्याला ती फाइल हवी होती. त्याच्या मोबाइलवर टिपा दिसेनात, म्हणून मी सगळं सपाट करून, म्हणजे टिपा पानातच मुरवून, नवी प्रत पाठवली. वर्षभराने एका कार्यक्रमात वक्त्यांनी तेच वाक्य वाचून दाखवलं. म्हणाले, नेल्सन लिहितो!

हा रोग जुना आहे. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची. पुढे तीनशे वर्षं ती हाताने उतरवली गेली. कुणी समासात अर्थ लिहायचा, कुणी स्वतःची ओवी जोडायची, आणि पुढचा लेखक तेही मूळ समजून आत घ्यायचा. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, पैठणला एकनाथांनी पाठ शुद्ध केला आणि यापुढे कुणी पदरची ओवी घालू नये अशी ताकीदही शेवटी जोडली. मला हे आपल्याकडच्या ग्रंथसंपादनातलं फार मोठं काम वाटतं. त्यांच्याकडे तर तुलनेला फक्त इतर पोथ्याच होत्या.

पीडीएफ आली १९९३ साली, अडोबी कंपनीकडून. पहिल्याच आवृत्तीत पानावर पिवळी चिठ्ठी चिकटवायची सोय होती. गंमत अशी, की ती चिठ्ठी पानाच्या मजकुरात जात नाही. पानाला जोडलेल्या एका वेगळ्या यादीत राहते, आणि तिच्यासोबत लिहिणाऱ्याचं नाव नि तारीखही ठेवता येते. पुष्कळ प्रोग्राम ती फाइलच्या शेवटी जोडतात, आधीच्या मजकुराला हातही न लावता. पोथीच्या समासाला हे कधीच जमलं नव्हतं. पुढे अक्रोबॅट ४ च्या वेळी, १९९९ मध्ये, थेट पानावर दिसणारी मजकुराची चौकट आली. तीही वेगळीच राहते, पण दिसते छापल्यासारखी. मी वापरली ती हीच. आणि सपाट केल्यावर वेगळेपणही संपलं.

अंदाज तरी बरोबर होता का? नव्हता. भास्करराम कोल्हटकरांनी १७४१ मध्ये रतनपूर घेतलं, बिंबाजी १७५८ ते १७८७ इथे होते, हे खरं. पण त्यांचं ठाणं रतनपूर. रायपूर मुख्य ठिकाण झालं १८१८ नंतर, अ‍ॅग्न्यूच्या काळात. मग १८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा झालं, कचेऱ्या आल्या, १८८० च्या दशकात रेल्वे आली. वकील, मास्तर, कारकून त्या वाटेने आले. माधवराव सप्रेच घ्या : जन्म १८७१ चा, दमोह जिल्ह्यातल्या पथरियाचा, शिक्षण बिलासपूर आणि रायपूरला. बिंबाजींचे सरदार वगैरे असण्याचा अभिमान गोड असतो, पण कारकुनाचा नातू असण्यात काय कमीपणा?

मी मूळ स्कॅन पुन्हा उतरवून घेतलं. आता फक्त चिठ्ठ्या, प्रत्येकीवर माझं नाव आणि जिथे अंदाज आहे तिथे मराठीत ‘अंदाज’. त्या विद्यार्थ्याला फोन केला, नवी फाइल पाठवली. त्याने जुनी प्रत किती जणांना पुढे दिली, ते त्यालाही आठवेना.

यंदा गणपतीत मंडपात उभा होतो. माइकवरून ते वाक्य आलं, आता मराठीत, आणि नेल्सनच्याच नावावर.