मागच्या ब्रेकला वारा कोण घालणार?

ब्रेक दाबला की गाडीची गतिज ऊर्जा उष्णतेत रूपांतरित होते, हे आपण वर्गात सांगतो आणि पुढे जातो. ती उष्णता किती, याचा हिशेब मात्र सहसा करत नाही.

फ्रान्समधील ल माँ येथे दरवर्षी चोवीस तासांची मोटार शर्यत होते. १९६६ साली तिथे उतरलेल्या फोर्ड जीटी ४० या गाडीचे वस्तुमान १२०० किलो धरू. सहा किलोमीटरच्या सरळ रस्त्यावर ती ताशी सुमारे ३२० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ८९ मीटर वेग गाठे. वस्तुमानाच्या निम्म्याला वेगाच्या वर्गाने गुणा : जवळजवळ ४७ लाख जूल. एवढ्या उष्णतेत खोलीच्या तापमानाचे पंधरा लिटर पाणी उकळीला येईल. रस्त्याच्या शेवटी काटकोनी वळण. तिथे ही ऊर्जा काही सेकंदांत टाकून द्यायची. थोडा भाग हवेचा रोध आणि इंजिन उचलतात, बाकीचा ब्रेकच्या माथी. ब्रेकचे बिडाचे भाग एकूण ४० किलोंचे मानले, तर एका दमात त्यांचे तापमान दोन-अडीचशे अंशांनी चढेल. आणि चार मिनिटांनी पुन्हा तेच वळण!

पूर्वी ब्रेक ड्रमचे असत. घर्षण ड्रमच्या आत होई, उष्णता आतच कोंडे; शिवाय तापलेला ड्रम प्रसरण पावून लायनरपासून दूर सरके. १९५३ मध्ये जॅग्वारने डनलॉपचे डिस्क ब्रेक लावले. उघडी तबकडी दोन्ही अंगांनी निवते. रोल्ट आणि हॅमिल्टन यांनी ताशी सुमारे १७० किलोमीटर सरासरीने ती शर्यत जिंकली. मर्सिडीज मात्र १९५५ मध्येही ड्रमवरच होती. मदतीला तिने चालकाच्या मागे हवेत उभी राहणारी मोठी झडप बसवली. कल्पना चतुर होती यात शंका नाही. पण त्याच शर्यतीत, ११ जूनला, थांब्यासाठी एका जॅग्वारने वेग एकदम कमी केला, मागची गाडी बाजूला वळली आणि तिच्यावर आदळलेली मर्सिडीज प्रेक्षकांवर कोसळली. ऐंशीहून अधिक माणसे गेली. चौकशीत कोणा एका चालकाला दोषी धरले गेले नाही. मात्र एकाच रस्त्यावर वेगवेगळ्या अंतरांत वेग कमी करणाऱ्या गाड्यांचा प्रश्न त्यानंतर फार चर्चिला गेला.

डिस्क उघडी झाली, तरी तिला वारा मिळायला हवा. पुढच्या चाकांना तो समोरूनच मिळतो. मागच्यांच्या वाट्याला येते ती पुढची चाके आणि गाडीचे अंग यांनी घुसळलेली हवा. १९६१ च्या जॅग्वार ई-टाइपमध्ये तर मागच्या डिस्क चाकांत नसून आत, डिफरन्शियलला लागून होत्या. शर्यतीत त्या फार तापत. जीटी ४० मध्ये सात लिटरचे इंजिन चालकाच्या पाठीशी, म्हणजे मागच्या चाकांच्या अगदी पुढ्यात. म्हणून फोर्डने मागच्या झाकणावर दोन उंच नाकाडी बसवली. वरची स्वच्छ, थंड हवा त्यांतून नळ्यांवाटे मागच्या ब्रेककडे जाई.

ही हवा सोडायची कुठे, हा खरा मजेचा भाग. तबकडीच्या एकाच बाजूवर झोत मारला, तर दोन बाजू कमीजास्त निवतात, ताण येतो आणि बीड तडकते. पोकळ तबकडीत दोन पत्र्यांमध्ये पाती असतात. फिरताना ती अपकेंद्री पंपासारखी मधली हवा ओढून कडेने बाहेर फेकते. तेव्हा हवा द्यायची ती मध्याशी. पंप आपला आपणच चालतो, त्याला फक्त थंड हवा पुरवायची. नाकाडी वाटेल तेवढी मोठी करूनही चालत नाही. हवेचा रोध वाढून वेग घटतो आणि फार थंड राहिलेले शर्यतीचे पॅड नीट पकडतही नाहीत.

एवढे करूनही चोवीस तास एकच तबकडी टिकेल, असा भरवसा फोर्डच्या मंडळींना नव्हता. फिल रेमिंग्टन यांनी चाक काढताच तबकडी आणि पॅड झटपट बदलता येतील अशी रचना केली. त्या वर्षी विजेत्या गाडीने ३६० फेऱ्या मारल्या आणि पहिले तिन्ही क्रमांक फोर्डला मिळाले.