चेतकची रांग आणि ग्राहकाची निष्ठा

पुनावळ्याहून पवना नदी ओलांडली की रावेतमार्गे आकुर्डी फार लांब नाही. १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत आले तेव्हा पुनावळे हे एक लहान खेडे होते. आज तिथे उंच इमारती उभ्या आहेत आणि अमुक कंपनीचा स्मार्टफोन चांगला की तमुक कंपनीचा, हा वाद घराघरांत रंगतो. नववी-दहावीच्या वर्गात मधल्या सुट्टीत कान दिला तर हाच वाद ऐकू येतो. मुले आपापल्या आवडत्या बनावटीची बाजू अशी लढवतात, की जणू कंपनी त्यांच्या मामाचीच आहे!

एखाद्या बनावटीवर माणसाची निष्ठा बसते म्हणजे नेमके काय होते? ही निष्ठा मोजता येईल का? स्मार्टफोनची स्पर्धा अजून चालू आहे, त्यामुळे तिच्यावरून निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. पण पुनावळ्याच्या शेजारीच, आकुर्डीत, असा एक प्रयोग सुरुवातीपासून शेवटपर्यंत पार पडलेला आहे. तो कोणी मुद्दाम केला नव्हता. त्या प्रयोगाचे साधन होते चेतक स्कूटर.

परवान्यांचे दिवस

स्वातंत्र्यानंतर स्कूटर भारतात आली ती इटलीहून. तिथल्या दोन बनावटी एकमेकींच्या प्रतिस्पर्धी होत्या: पियाजिओ कंपनीची व्हेस्पा आणि इनोसेंटी कंपनीची लँब्रेटा. हीच जोडी भारतातही उतरली. मुंबईच्या ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कंपनीने लँब्रेटा बनवायला घेतली. बजाज कंपनी १९४८ पासून स्कूटर आयात करत होती. तिला १९५९ मध्ये उत्पादनाचा परवाना मिळाला आणि पियाजिओच्या सहकार्याने तिने व्हेस्पाचे उत्पादन सुरू केले. पुढे आकुर्डी हे या कंपनीचे मुख्य ठिकाण बनले. पियाजिओबरोबरचा करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ मध्ये कंपनीने स्वतःच्या नावाची स्कूटर आणली. महाराणा प्रतापांच्या घोड्यावरून तिचे नाव चेतक ठेवले.

त्या काळी कारखान्याने वर्षाला किती वाहने बनवायची हे परवान्यावर लिहिलेले असे. मागणी वाढली म्हणून उत्पादन वाढवता येत नसे, त्यासाठी पुन्हा दिल्लीची परवानगी लागे. मागणी मात्र वाढतच होती. परिणाम काय झाला असेल, याची कल्पना सहज येईल. रांग लागली! स्कूटरची नोंदणी करायची, अनामत भरायची आणि वाट पाहत बसायचे. चेतकसाठी ही वाट दहा वर्षांपर्यंत लांबल्याची उदाहरणे सांगितली जातात. परकीय चलनात पैसे भरणाऱ्याला स्कूटर लवकर मिळे, त्यामुळे परदेशातल्या नातेवाइकाला अचानक महत्त्व येई. ज्याचा नंबर लागे तो स्कूटर न वापरता चढ्या भावाने विकू शकत असे. नव्या वस्तूपेक्षा वापरलेली वस्तू महाग, असा उलटा बाजार त्या पिढीने पाहिला आहे.

राहुल बजाज यांनी १९६८ मध्ये कंपनीची सूत्रे हाती घेतली. परवान्याची मर्यादा ओलांडून स्कूटर बनवल्याबद्दल तुरुंगात जावे लागले तरी आपली तयारी होती, असे ते पुढे सांगत असत. १९७७ मध्ये कंपनीने एका वर्षात एक लाख वाहनांचा टप्पा गाठला. तरीही रांग हटली नाही.

रांग काय सांगते?

आता आपण वैज्ञानिकाच्या नजरेने या रांगेकडे पाहू. दहा वर्षे थांबायला तयार असलेला ग्राहक हा निष्ठावान ग्राहक, असे म्हणता येईल का?

रेशनच्या दुकानापुढे रांग असते म्हणून त्या दुकानदारावर लोकांचे प्रेम असते असे आपण म्हणत नाही. पर्याय नसेल तर रांग ही केवळ टंचाईची खूण ठरते. अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात हा प्रश्न मांडला होता. एखाद्या संस्थेचा दर्जा घसरला, तर ग्राहकापुढे दोन मार्ग असतात: तिला सोडून जाणे किंवा तक्रार करणे. निष्ठा असेल तर माणूस लगेच सोडून जात नाही, थांबतो आणि सुधारणेची मागणी करतो. पण यासाठी सोडून जाण्याचे दार उघडे असायला हवे. दारच बंद असेल, तर आत राहिलेला माणूस निष्ठेने राहिला की नाइलाजाने, हे बाहेरून ओळखता येत नाही.

पण चेतकच्या बाबतीत गोष्ट इतकी सोपी नाही, आणि म्हणूनच ती शिकण्यासारखी आहे. दार पूर्ण बंद नव्हते. लँब्रेटा घराण्यातल्या स्कूटरी बाजारात होत्या. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या स्कूटर्स इंडिया या सरकारी कंपनीने इनोसेंटीची यंत्रसामग्री लखनौला आणली आणि तिथे विजय स्कूटर तयार होऊ लागली. या स्कूटरी तुलनेने लवकर मिळत. तरीही लोक चेतकसाठी थांबत. म्हणजे नाइलाजाखेरीज आणखी काहीतरी होते.

ते काय होते? एक तर यंत्र दणकट होते. पत्र्याचे अंग, मागच्या चाकाशेजारी बसवलेले इंजिन आणि साखळीविना थेट चाकाला मिळणारी गती. पुढच्या पायठेवणीवर उभे राहिलेले एक मूल आणि मागे आईच्या मांडीवर बसलेले दुसरे, असे चौकोनी कुटुंब त्यावर मावत असे. सुरू होण्याचा हट्ट मात्र फार. स्कूटर एका अंगाला कलती करून मग किक मारणारे गृहस्थ ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे वेगळे सांगायला नको. कलती केल्याने कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल साचून थंड इंजिन पेटायला मदत होते, अशी त्यामागची समजूत होती.

दुसरे कारण यंत्राच्या बाहेरचे होते. गल्लोगल्ली बजाजचा मेकॅनिक सापडे. सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळत. वापरून विकली तर किंमत चांगली येई. शेजाऱ्याकडे तीच स्कूटर असल्यामुळे प्लग किंवा केबल उसनी मिळे. १९७५ मध्ये महाराष्ट्र स्कूटर्स ही संयुक्त कंपनी निघाली आणि साताऱ्याला प्रिया स्कूटर बनू लागली. तीही याच कुळातली असल्याने या जाळ्यात भरच पडली. जितके लोक एक वस्तू वापरतात, तितकी ती पुढच्या माणसाला सोयीची होते. म्हणजे ग्राहक यंत्राबरोबर त्याच्याभोवतीचे जाळेही विकत घेत होता.

थोडक्यात, ज्याला आपण निष्ठा म्हणतो तिच्यात तीन वेगवेगळे घटक मिसळलेले असतात: नाइलाज, जाळ्याची सोय आणि खरी पसंती. मिश्रणातले घटक वेगळे करायचे असतील तर परिस्थिती बदलून पाहावी लागते. रसायनशास्त्रात आपण तापमान बदलतो. इथे सरकारने धोरण बदलले.

दार उघडले

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला दुचाकी उद्योगाला परदेशी सहकार्याची वाट मोकळी झाली. थोड्याच वर्षांत एकेक प्रतिस्पर्धी आला. कानपूरच्या एलएमएल कंपनीने पियाजिओशी हातमिळवणी करून नवी व्हेस्पा आणली. १९७२ पासून लुना मोपेड बनवणाऱ्या पुण्याच्या फिरोदियांनी होंडाबरोबर कायनेटिक होंडा ही गिअर नसलेली, बटण दाबून सुरू होणारी स्कूटर काढली. १९८४ मध्ये हिरो होंडा कंपनी स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिची सीडी १०० ही मोटरसायकल आली.

बजाजने उत्पादन वाढवून उत्तर दिले. १९८५ मध्ये औरंगाबादजवळ (आता छत्रपती संभाजीनगर) वाळूजचा कारखाना सुरू झाला आणि १९८६ मध्ये कंपनीने एका वर्षात पाच लाख वाहने बनवली. रांग आखडत गेली. दूरदर्शनवरची 'हमारा बजाज' ही जाहिरात १९८९ मधली. ही वेळ लक्षात घेण्याजोगी आहे. ज्या मालासाठी दहा वर्षांची रांग असते त्याला आपलेपणाची आठवण करून द्यावी लागत नाही. निष्ठेची जाहिरात करावी लागली ती पर्याय आल्यावर.

नाइलाज संपला, पण जाळ्याची सोय शिल्लक होती. तिने चेतकला आणखी काही वर्षे तारून नेले. मग जाळ्याहून प्रबळ ठरलेला घटक कोणता? तो होता इंजिनाच्या रचनेतला फरक.

चेतकचे सुमारे १४५ घनसेंमीचे इंजिन टू-स्ट्रोक होते. त्यात दट्ट्याच्या दर फेऱ्याला एक स्फोट होतो. रचना सोपी, भाग थोडे. पण नवे मिश्रण आत येते तेच जळलेला वायू बाहेर ढकलत, त्यामुळे काही पेट्रोल न जळताच धुराड्यातून निघून जाते. शिवाय वंगणाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते आणि तेही जळते. निळसर धूर येतो तो त्यामुळे. सीडी १०० चे सुमारे ९७ घनसेंमीचे इंजिन फोर-स्ट्रोक होते. त्यात मिश्रण आत घेणे आणि धूर बाहेर टाकणे या वेगवेगळ्या क्रिया असतात, म्हणून पेट्रोल वाया जाण्याचे प्रमाण फार कमी. पेट्रोल महाग होत गेले तसा हा फरक दरमहा खिशाला जाणवू लागला. खेड्यातल्या खड्ड्यांच्या रस्त्यावर १० इंची चाकापेक्षा मोटरसायकलचे मोठे चाक सहज पुढे जाई, हा आणखी एक फायदा. १९९१, १९९६ आणि २००० मध्ये धुरावरचे नियम उत्तरोत्तर कडक झाले आणि टू-स्ट्रोकचे दिवस भरत आले.

१९९० च्या दशकाच्या अखेरीस देशात स्कूटरपेक्षा मोटरसायकली जास्त खपू लागल्या. २००१ मध्ये हिरो होंडाने बजाजला मागे टाकले. ज्या घरात वडिलांनी चेतकसाठी वर्षानुवर्षे वाट पाहिली होती, त्या घरातल्या मुलाने दुकानात जाऊन त्याच दिवशी दुसऱ्या कंपनीची मोटरसायकल आणली. प्रयोगाचा निकाल लागला होता. दहा वर्षांच्या रांगेत नाइलाजाचा आणि सोयीचा वाटा मोठा होता.

निकालाची किंमत

हा निकाल कारखान्याने वेळीच वाचला. १९९९ मध्ये चाकणला नवा कारखाना सुरू झाला. २००१ च्या अखेरीस पल्सर ही मोटरसायकल आली आणि तिने कंपनीला नवा ग्राहक मिळवून दिला. पण त्याची किंमतही द्यावी लागली. जुन्या चेतकचे उत्पादन थांबले. २००७ मध्ये आकुर्डीतले वाहन उत्पादन बंद झाले आणि अनेक कामगारांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. चिंचवड, आकुर्डी, निगडी या भागातल्या कितीतरी घरांची चूल या कारखान्यावर पेटत होती. ग्राहकाने बनावट बदलली की त्याचे काही पैसे वाचतात. कामगाराला मात्र चाळिशी-पन्नाशीत आयुष्य बदलावे लागते. बाजारातल्या स्पर्धेविषयी शिकवताना ही बाजू सुटू नये.

२००९ मध्ये कंपनीने स्कूटरचा धंदा पूर्ण सोडण्याचे ठरवले. गंमत अशी, की होंडाने २००१ मध्येच अॅक्टिव्हा ही गिअर नसलेली फोर-स्ट्रोक स्कूटर आणली होती आणि ती जोरात खपत होती. म्हणजे लोकांनी स्कूटरकडे पाठ फिरवली नव्हती. त्यांना दुसरी स्कूटर हवी होती.

जानेवारी २०२० मध्ये चेतक हे नाव विजेवरच्या स्कूटरवर परत आले. २०२२ मध्ये आकुर्डीतच तिच्यासाठी नवा कारखाना सुरू झाला. जुन्या स्कूटरचा एकही भाग तिच्यात नाही, आहे ते फक्त नाव. मधल्या काळात ना रांग होती, ना गल्लीतल्या मेकॅनिकचे जाळे. तरीही हे नाव कंपनीला परत आणावेसे वाटले. तीन घटकांपैकी दोन उडून गेल्यावर तळाशी जे उरले, ती बहुधा खरी पसंती. पण नुसत्या नावावर स्कूटर फार काळ खपणार नाही, हे आकुर्डीइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार?

पुन्हा फोनकडे

आता मुलांच्या वादाकडे पुन्हा पाहू. एकेकाळी भारतात नोकियाचे फोन सर्वत्र होते. बारीक टोकाचा चार्जर कोणाच्याही घरी मिळे. हे चेतकच्या प्लगसारखेच झाले! २००७-०८ नंतर स्पर्शपटलाचे फोन आले आणि काही वर्षांतच ते साम्राज्य मावळले. २०१४ मध्ये नोकियाचा फोनचा धंदा मायक्रोसॉफ्टकडे गेला. त्याच वर्षी शाओमीचे फोन भारतात आले. ठरावीक वेळी, मोजकेच फोन, तेही इंटरनेटवर, अशी त्यांची विक्री होई. काही सेकंदांत माल संपे. पुन्हा रांगच, पण ही रांग परवान्यामुळे लागली नव्हती.

आज फोन बदलणाऱ्याला अडवतात ते जुने फोटो, पाठ झालेल्या खुणा, जुळणारी घड्याळे आणि आधीच विकत घेतलेली ॲप. ही दारे उघडी ठेवण्याचे काम काही वेळा कायदा करतो. भारतात २० जानेवारी २०११ पासून देशभर क्रमांक न बदलता मोबाइल कंपनी बदलता येऊ लागली. युरोपीय संघाने डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनना एकाच प्रकारचा चार्जिंग जोड सक्तीचा केला. अशा प्रत्येक नियमानंतर निष्ठेतला नाइलाज थोडा कमी होतो आणि कंपनीला ग्राहक टिकवण्यासाठी माल सुधारावा लागतो.

वर्गात करून पाहण्यासारखे एक काम सुचवतो. प्रत्येक विद्यार्थ्याने घरातल्या मोठ्यांना विचारून घरात आजवर आलेल्या दुचाकी आणि मोबाइल फोन यांची वर्षांसह यादी करावी. प्रत्येक बदलापुढे कारण लिहावे आणि ते कारण नाइलाज, सोय किंवा पसंती यांपैकी एका रकान्यात टाकावे. काही कारणे दोन रकान्यांत बसतील आणि त्यावरून वाद होईल. तो होऊ द्यावा. नंतर सगळ्या वर्गाच्या नोंदी एकत्र करून १९८५ पूर्वीची आणि २००१ नंतरची वर्षे वेगळी काढावीत आणि कोणता रकाना कधी भरला ते फळ्यावर मांडावे. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या शाळांना आणखी एक प्रश्न घेता येईल: घरातले कोणी या वाहनांच्या कारखान्यात काम करत होते का, आणि असल्यास त्यांनी स्वतःसाठी कोणत्या कंपनीचे वाहन घेतले?