पोलरॉन: एका संकल्पनेची वाटचाल

स्फटिकातील इलेक्ट्रॉन भोवतालचे आयन सरकवून स्वतःच घडवलेल्या खळग्यात अडकू शकतो, ही कल्पना लेव लांडाऊ यांनी १९३३ मध्ये मांडली आणि भोवतालच्या या विकृतीसह वावरणाऱ्या अशा इलेक्ट्रॉनला कीव्हच्या सोलोमन पेकार यांनी १९४६ मध्ये ‘पोलरॉन’ हे नाव दिले. पुढे ही संकल्पना एका वेगळ्याच कोड्यात उपयोगी पडली. १९५० मध्ये आइंडहोव्हेनच्या फिलिप्स प्रयोगशाळेत योंकर व व्हान सांतेन यांना मँगनीजच्या मिश्र ऑक्साइडांत लोहचुंबकत्व आढळले. शेजारच्या आयनांची चुंबकीय दिशा जुळली की इलेक्ट्रॉन ऑक्सिजनमार्गे सहज उडी घेतो, हे क्लॅरेन्स झेनर यांचे १९५१ चे स्पष्टीकरण, म्हणजेच द्विविनिमय, खरोखर देखणे होते. मात्र तापवल्यावर चुंबकत्व मावळताच रोध इतका का वाढतो, हे त्यातून पुरेसे उलगडत नव्हते, आणि १९९५ मध्ये मिलिस व सहकाऱ्यांनी त्यासाठी जालकाच्या, म्हणजे आयनांच्या मांडणीच्या, विकृतीकडे, अर्थात पोलरॉनकडेच, बोट दाखवले.