कानिटकर, काशीबाई

(२० जानेवारी १८६१ – ३० जानेवारी १९४८). मराठी कादंबरीकार, कथालेखिका व चरित्रकार. जन्म अष्टे (जि. सांगली) येथील सुखवस्तू बापट घराण्यात. मुलीला शिकवण्याची घरात रीत नव्हती. नवव्या वर्षी गोविंद वासुदेव कानिटकरांशी लग्न झाले. कवी आणि पुढे न्यायखात्यात गेलेल्या या नवऱ्याला शिकलेली बायको हवी होती, सासरच्या माणसांना मात्र ती नको होती. या ओढाताणीत काशीबाई चोरून, बहुतांशी स्वतःच्याच बळावर वाचायला शिकल्या. जॉन स्टुअर्ट मिलचा स्त्रियांच्या परवशतेवरील ग्रंथ गोविंदरावांनी मराठीत आणला. कादंबरीकार हरिभाऊ आपट्यांशी या घराचा स्नेह होता. काशीबाईंचे लेखन ते वाचत, त्यावर मोकळेपणी मत देत.

‘रंगराव’ ही त्यांची पहिली कादंबरी १८८६ पासून ‘मनोरंजन आणि निबंधचंद्रिका’ मासिकातून येऊ लागली; पुस्तकरूपाने ती १९०३ मध्ये निघाली. त्यांना सर्रास आद्य मराठी स्त्री-कादंबरीकार म्हटले जाते, पण साळूबाई तांबवेकरांचे ‘चंद्रप्रभाविरहवर्णन’ १८७३ चे आहे. सामाजिक कादंबरी लिहिणाऱ्या पहिल्या स्त्रीचा मान काशीबाईंना देणे अधिक रास्त.

नाव झाले ते अमेरिकेत वैद्यकीय पदवी मिळवणाऱ्या डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या चरित्रामुळे (१८८९). अमेरिकन लेखिका कॅरोलाइन डॉल यांनी आदल्याच वर्षी बोस्टनमधून आनंदीबाईंचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले होते. काशीबाईंच्या पुस्तकाचे बळ आनंदीबाईंच्या पत्रांत आहे; त्यांतून बाईचा स्वभाव बोलतो.

‘पालखीचा गोंडा’ (१९२८) ही मात्र त्यांची खरी झेप. मतिमंद संस्थानिकाच्या गळ्यात बांधलेली रेवती राज्याचा कारभार हाती घेते आणि तो बायकांकरवी चालवते. कल्पना हवेतली नव्हती: भोपाळच्या गादीवर १८१९ पासून १९२६ पर्यंत चार बेगमांनी राज्य केले होते. रचना सैल आहे, उपदेशही जागोजागी डोके वर काढतो. तरी स्त्रीच्या हाती सत्ता आली तर काय, हा प्रश्न मराठी कादंबरीत इतक्या धीटपणे तोवर कोणी मांडला नव्हता.

‘शेवट तर गोड झाला’, ‘चांदण्यातील गप्पा’ व ‘शिळोप्याच्या गोष्टी’ ही इतर पुस्तके. सरोजिनी वैद्य यांनी संपादित केलेले त्यांचे आत्मचरित्र मरणोत्तर प्रसिद्ध झाले.