मंदगती बॅकची कारकीर्द

फुटबॉलच्या मैदानाभोवती जमलेल्या गर्दीची नजर कोणाच्या मागे धावते, हे आपण पाहिलेच असेल. ती चेंडूमागे धावते. आणि खेळाडूंपैकी कोणाच्या मागे धावत असेल तर कडेच्या पांढऱ्या रेघेलगत चेंडू घोळवीत सुसाट निघालेल्या विंगरच्या मागे. त्याने समोरच्या बॅकला चकविले की टाळ्या पडतात, आणि चकवा खाऊन गवतावर बसकण मारलेल्या त्या बॅकवर हशा पिकतो. आज ज्या गृहस्थाची हकीकत सांगावयाची आहे, तो आपल्या खेळण्याची बहुतेक वर्षे या हशा पिकण्याच्या जागी उभा होता. इंग्लंडने १९६६ साली प्रथमच जागतिक करंडक जिंकला तो त्याच्या मार्गदर्शनाखाली. आणि तो जिंकण्यासाठी त्याने संघातून विंगरच काढून टाकले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध आहे, एवढेच आज पाहावयाचे आहे.

आल्फ रॅम्झीचा जन्म २२ जानेवारी १९२० रोजी लंडनच्या पूर्वेस, एसेक्स परगण्यातील डॅगनहॅम येथे झाला. बाप गवत व पेंढा विकणारा, जवळ थोडीशी जमीन बाळगून असलेला. शाळा संपल्यावर मुलगा सहकारी भांडाराच्या किराणा दुकानात लागला आणि सायकलवरून घरोघर माल पोचवू लागला. महायुद्ध आले आणि १९४० साली तो लष्करात भरती झाला. पलटणीच्या संघातून खेळताना त्याच्या अंगचा गुण लोकांच्या नजरेस आला आणि १९४४ साली साउदॅम्प्टनच्या संघाने त्याला व्यावसायिक खेळाडू म्हणून घेतले. त्या वेळी त्याचे वय चोवीस वर्षांचे होते. फुटबॉलच्या धंद्यात हे वय उशिराचेच. म्हणून की काय, पुढे कित्येक वर्षे तो आपला जन्म १९२२ सालचा सांगत असे. शाळेच्या दाखल्यावरील जन्मतारखांशी ज्यांचा संबंध आलेला आहे, अशा आपल्याकडील मंडळींना यात फारसे नवल वाटणार नाही.

त्याची जागा राइट फुलबॅकची. प्रतिपक्षाचा डावा विंगर अडविणे हे त्याचे मुख्य काम. आता, या कामाला पहिली गरज वेगाची, आणि रॅम्झीपाशी वेग नव्हता. हे त्याला स्वतःला पुरते ठाऊक होते. धावण्याच्या शर्यतीत आपण हरणार हे ज्याला आधीच माहीत आहे, त्याने शर्यत लागूच न देणे हाच उपाय. विंगरपाशी चेंडू येण्यापूर्वीच दोन पावले योग्य दिशेला सरून उभे राहावयाचे, त्याला मोकळी जागा दिसू द्यावयाची नाही, आणि चेंडू हाती लागला की इतर बॅकप्रमाणे तो आकाशात न भिरकावता शांतपणे आपल्या गड्याच्या पायाशी पोचवावयाचा, अशी त्याची रीत होती. १९४८ च्या डिसेंबरात स्वित्झर्लंडविरुद्ध तो इंग्लंडकडून प्रथम खेळला. पुढच्याच वर्षाच्या आरंभी तो जायबंदी झाला, त्याची जागा साउदॅम्प्टनच्याच बिल एलरिंग्टनकडे गेली, आणि रॅम्झीने संघ सोडला. टॉटनहॅम हॉटस्पर संघाने त्याच्यासाठी २१ हजार पौंड मोजले आणि वर एक खेळाडू देऊ केला.

टॉटनहॅमचा मॅनेजर आर्थर रो हा १९३९ साली हंगेरीत खेळाचे शिक्षण देऊन आलेला मनुष्य. चेंडू द्यावयाचा व लगेच पुढील मोकळ्या जागेकडे धावावयाचे, ही त्याची पद्धत. अशा पद्धतीत हल्ल्याचा आरंभ बचावफळीतून व्हावा लागतो. गोलरक्षक टेड डिचबर्न चेंडू लाथाडण्याऐवजी हाताने रॅम्झीकडे टाकी आणि तेथून पुढची जुळणी सुरू होई. रॅम्झीला सोबती 'जनरल' म्हणू लागले ते याच काळात. संघ १९५० साली दुसऱ्या विभागात आणि लागलीच १९५१ साली पहिल्या विभागात विजेता ठरला. त्याच्या पुढ्यात उजव्या हाफबॅकच्या जागी बिल निकल्सन नावाचा गडी खेळत असे. हे नाव लक्षात ठेवावे. ते पुन्हा येणार आहे.

रॅम्झी इंग्लंडकडून ३२ सामने खेळला. त्यांपैकी दोन पराभव असे की ते ज्याच्या वाट्याला आले त्याला जन्मभर विसरता येऊ नयेत. पहिला १९५० चा. त्या वर्षीच्या ब्राझीलमधील जागतिक स्पर्धेत भारतालाही जागा होती. परंतु आपला संघ गेला नाही. इंग्लंडचा गेला, आणि २९ जून रोजी बेलो होरिझोन्ते येथे अमेरिकेकडून शून्य-एक असा हरला. दुसरा पराभव २५ नोव्हेंबर १९५३ रोजी खुद्द लंडनमधील वेम्ब्ली मैदानावर झाला. हंगेरीने इंग्लंडला सहा विरुद्ध तीन गोलांनी हरविले. हंगेरीचा सेंटर फॉरवर्ड हिडेकुटी हा पाठीवर नऊचा आकडा लावून मैदानात उतरला खरा, पण त्या आकड्याच्या जागी तो उभाच राहीना. तो मागे मागे राहू लागला. त्याच्यावर नजर ठेवावयाची म्हणून इंग्लंडचा सेंटर हाफ मागोमाग गेला तर मध्यभागी खिंडार पडे. न गेला तर हिडेकुटी मोकळा सुटे. त्याने तीन गोल केले. सामन्यातील शेवटचा गोल पेनल्टी किकवर रॅम्झीने केला आणि इंग्लंडच्या सदऱ्यातील त्याचे खेळणे तेथेच संपले.

गंमत अशी की, हंगेरीचा खेळ आपल्याहून सर्वस्वी श्रेष्ठ होता, हे रॅम्झीने मनापासून कधीच मान्य केले नाही. कित्येक गोल तर लांबून मारलेल्या फटक्यांवर झाले, आपण हरावयास नको होतो, असे तो म्हणत राही. तोंडाने तो काहीही म्हणो. त्याने त्या दिवशी काय पाहिले याचा पुरावा दुसरीकडे सापडतो.

१९५५ साली तो इप्सविच टाउन संघाचा मॅनेजर झाला. इप्सविच हे पूर्व इंग्लंडमधील सफोक परगण्याचे गाव. संघ १९३८ साली लीगमध्ये आलेला आणि त्या वेळी तिसऱ्या विभागात उतरलेला. पैसा बेताचाच. तेथे जिमी लेडबेटर नावाचा एक हडकुळा, मूळचा इनसाइड फॉरवर्ड असलेला स्कॉटिश गडी होता. रॅम्झीने त्याला डाव्या विंगवर घातले. लेडबेटर धीमा होता. बॅकला मागे टाकून पळणे त्याला जमण्याजोगे नव्हते. रॅम्झीने त्याच्याकडून ती अपेक्षाच केली नाही. तो मागे, आपल्या बचावफळीच्या जवळपास राही. प्रतिपक्षाचा राइट बॅक आपला विंगर शोधीत पुढे येई, त्याच्या पाठीमागे मैदान रिकामे पडे, आणि लेडबेटरचा लांब व अचूक पास त्या रिकाम्या जागेत क्रॉफर्ड किंवा फिलिप्स यांच्यापुढे जाऊन पडे. हिडेकुटीने मध्यभागी जे केले तेच हा कडेला करीत होता. पण यात रॅम्झीची स्वतःची अशी एक भर होती. धीम्या गड्याकडून काय करून घेता येते, हे धीम्या गड्याइतके कोणाला ठाऊक असणार? पुढे सरसावलेल्या बॅकची काय केविलवाणी अवस्था होते, हे तरी बॅकखेरीज कोणाला कळणार?

१९५७ साली इप्सविचने तिसरा विभाग जिंकला, १९६१ साली दुसरा. पहिल्या विभागात हा संघ वर्षभर तरी टिकेल की नाही याची लोकांना शंका होती. त्याच पहिल्या वर्षी, २८ एप्रिल १९६२ रोजी, इप्सविच लीगचा विजेता झाला. क्रॉफर्डने लीगमध्ये ३३ आणि फिलिप्सने २८ गोल केले. ही युक्ती मोडून काढण्याचा मार्ग ठळकपणे दाखविला तो बिल निकल्सननेच! तो आता टॉटनहॅमचा मॅनेजर होता. त्या हंगामात इप्सविचकडून दोनदा मार खाल्ल्यावर त्याने ऑगस्टमधील चॅरिटी शील्ड सामन्यात आपले बॅक पुढे जाऊ दिले नाहीत आणि मागे राहणाऱ्या विंगरांवर हाफबॅकांना नेमले. टॉटनहॅमने पाच-एक असा विजय मिळविला. पुढल्या हंगामात इप्सविच सतराव्या क्रमांकावर घसरला. जुन्या शेजाऱ्याचे कसब शेजाऱ्यानेच ओळखले. रॅम्झी मात्र तोवर इंग्लंडच्या संघाकडे निघालेला होता.

इंग्लंडचा संघ तोपर्यंत एक समिती निवडीत असे. रॅम्झीच्या आधीचे मॅनेजर वॉल्टर विंटरबॉटम यांनी १९४६ पासून १९६२ पर्यंत संघ सांभाळला, परंतु संघातील नावे समितीच्या बैठकीत ठरत. क्रिकेटच्या निवड समित्यांवर ज्यांनी चहाच्या टपरीवर तासन्‌तास वाद घातले आहेत, त्यांना या व्यवस्थेचे गुणदोष मी काय सांगावे! रॅम्झीने अट घातली की निवड माझी एकट्याची राहील. ती मान्य झाली. पहिला सामना फेब्रुवारी १९६३ मध्ये पॅरिसला झाला. फ्रान्सने इंग्लंडवर पाच गोल चढविले. त्याच वर्षी रॅम्झीने सांगून टाकले की १९६६ चा जागतिक करंडक इंग्लंड जिंकणार. मितभाषी मनुष्याचे हे विधान लोकांना चमत्कारिकच वाटले. त्याच्या बोलण्याची थट्टा पूर्वीपासून होतच असे. डॅगनहॅमची बोली टाकून त्याने जपून घडविलेले, शब्दाशब्दाला थबकणारे उच्चभ्रू इंग्रजी उचलले होते. शिकवणी लावली होती, असे लोक म्हणत आणि तो नाकारी. वार्ताहरांशी तो तुटकपणे वागे. खेळाडूंची मात्र त्याच्यावर निष्ठा होती.

डिसेंबर १९६५ मध्ये माद्रिदला इंग्लंडने स्पेनला दोन गोलांनी हरविले ते विंगरांवाचून. स्पेनच्या बॅकांना अडवावयास समोर कोणीच नव्हते; त्यांनी काय करावे हे त्यांना सुचेना. पण रॅम्झीचा विंगरांशी उभा दावा होता, असे जे म्हणतात ते मला पटत नाही. जागतिक स्पर्धेच्या पहिल्या तीन सामन्यांत त्याने उरुग्वेविरुद्ध कॉनेली, मेक्सिकोविरुद्ध पेन व फ्रान्सविरुद्ध कॅलॅहन असे तीन विंगर एकामागून एक खेळवून पाहिले. मनाजोगते काही घडेना, तेव्हा उपान्त्यपूर्व फेरीपासून त्याने बॉल व पीटर्स या सतत धावणाऱ्या, बचावालाही मागे येणाऱ्या गड्यांवर मदार ठेवली. फ्रान्सविरुद्धच्या सामन्यात स्टाइल्सने सिमॉनला वाईट रीतीने पाडले, तेव्हा त्याला वगळावे असा आग्रह संघटनेतील वरिष्ठांनी धरला. स्टाइल्स जाणार असेल तर मीही जातो, असे रॅम्झीने बजावले. अर्जेंटिनाविरुद्धच्या कडवट सामन्यानंतर मात्र त्याने प्रतिपक्षाला पशूंची उपमा दिली. तो डाग त्याच्या नावावर राहिला, आणि राहावा हेच योग्य.

पहिल्या चार सामन्यांत इंग्लंडवर एकही गोल झाला नाही. सबंध स्पर्धेत झाले ते तीन. ३० जुलै रोजी पश्चिम जर्मनीविरुद्धच्या अंतिम सामन्यात शेवटच्या क्षणी जर्मनांनी बरोबरी साधली. जादा वेळेपूर्वी रॅम्झी मैदानात गेला. जर्मन गडी गवतावर आडवे झाले होते. आपल्या गड्यांना त्याने बसू दिले नाही. एकदा जिंकलात, आता पुन्हा जिंका, इतकेच सांगितले. इंग्लंडने चार-दोन असा सामना जिंकला. बाकावरचे सर्वजण उड्या मारू लागले. हा गृहस्थ बसूनच राहिला. १९६७ साली त्याला 'सर' हा किताब मिळाला.

पुढील कथा लवकर सांगून होते. १९७० साली मेक्सिकोतील लेऑन येथे, उंचावरच्या कडक उन्हात, इंग्लंड पश्चिम जर्मनीविरुद्ध दोन-शून्य असे पुढे होते. त्या वर्षी जागतिक स्पर्धेत खेळाडू बदलण्याची मुभा प्रथमच मिळाली होती. जर्मनीने ग्राबोव्स्की हा ताज्या दमाचा विंगर उतरविला आणि त्याने थकून गेलेल्या इंग्लंडच्या लेफ्ट बॅकला, कूपरला, पळवून पळवून हैराण केले. रॅम्झीने उपान्त्य सामन्यासाठी राखून ठेवावा म्हणून बॉबी चार्ल्टनला बाहेर घेतले. इंग्लंड तीन-दोन असे हरले आणि विजयाचा गोल ग्राबोव्स्कीच्याच कडेवरून आलेल्या चेंडूवर झाला. बॅकची वेदना जाणणाऱ्या मनुष्याने आपल्या बॅकला त्या दिवशी वेळेवर हात दिला नाही, हे मला त्याच्या साऱ्या कारकिर्दीतील सर्वांत न उलगडणारे कोडे वाटते. ऑक्टोबर १९७३ मध्ये वेम्ब्लीवर पोलंडशी एक-एक अशी बरोबरी झाली आणि इंग्लंड पुढच्या जागतिक स्पर्धेस मुकले. त्या दिवशीही बदली खेळाडू उतरविला तो शेवटच्या दोन मिनिटांत. निवडीचा अधिकार एकट्याचा होता, तसे खापरही एकट्यावर फुटले. ११३ सामन्यांत ६९ विजय व केवळ १७ पराभव अशी कामगिरी असलेल्या या मॅनेजरची बडतर्फी मे १९७४ मध्ये जाहीर झाली.

त्यानंतर बर्मिंगहॅममध्ये काही महिने आणि ग्रीसमध्ये पानाथिनायकोसकडे काही काळ त्याने काम पाहिले. बाकीचे आयुष्य इप्सविचमध्ये, पत्रकारांपासून दूर गेले. तेथेच २८ एप्रिल १९९९ रोजी तो वारला; इप्सविचने लीग जिंकली तीही तारीख २८ एप्रिलचीच होती. इप्सविचच्या मैदानालगतच्या एका रस्त्याला आता त्याचे नाव आहे.